परदेशी सिनेमा कुणाला, कोणता आणि कसा दाखवावा? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, धुळे, नंदुरबार आणि शेजारच्या मालेगावातून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सारखे प्रश्न एकात मिसळले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सिनेमांची लांबी मिनिटांत, पाच-सात मिनिटं इकडेतिकडे धरावी.

1. आर्ट फिल्म म्हणजे नेमकं काय? संथ आणि रडका सिनेमाच ना?

नाही. गल्ल्याचा अंदाज बाजूला ठेवून दिग्दर्शकाने आपल्याला दिसलं तसं दाखवलं, की तो या रांगेत बसतो. मग तो विनोदी असो, भुताचा असो की खटल्याचा. परदेशी असणं ही वेगळी गोष्ट आहे. इराण, कोरिया, फ्रान्समध्येही मसालापट ढिगाने निघतात. उलट 'फँड्री' (2013) आणि 'कोर्ट' (2014) मराठीच आहेत. 'कोर्ट'ला व्हेनिसच्या महोत्सवात 'ओरिझोंती' विभागातल्या सर्वोत्तम चित्रपटाचा पुरस्कार मिळाला.

'आमच्या भागाचा या सिनेमाशी काय संबंध?' असंही विचारलं जातं. स्मिता पाटील यांचं घराणं शिरपूरचं. 'भूमिका' (1977) आणि 'उंबरठा' (1982) इथल्या घरांत आपलेपणाने पाहिले गेलेत. तेव्हा समांतर सिनेमा खान्देशाला नवा नाही, नवी आहे ती फक्त परकी भाषा.

2. सुरुवातीला एकच नाव सांगा. यादी नको.

'चिल्ड्रन ऑफ हेवन'. इराण, 1997, दिग्दर्शक माजिद मजिदी, 89 मिनिटं. अलीच्या हातून बहिणीचे दुरुस्तीला दिलेले बूट हरवतात. बापाला सांगायची सोय नाही, म्हणून दोघं एकच जोड वापरतात. सकाळी ती शाळेत जाते, दुपारी तो, आणि अदलाबदल गल्लीत पळतापळता होते. एकदा मोठा झालेला बूट तिच्या पायातून निसटतो आणि नालीच्या पाण्याबरोबर वाहत जातो. ती काठाकाठाने धावत राहते. या दोन मिनिटांत कुणी मोबाइलकडे बघत नाही.

हे नाव देण्याची कारणं साधी आहेत: लांबी कमी, वाक्यं छोटी, गोष्ट सरळ आणि आजी-नातू एकत्र पाहू शकतील असा. समोरचा गुन्हेकथा किंवा कोर्टकचेरी आवडणारा असेल तर मात्र 'अ सेपरेशन' (इराण, 2011, 123 मिनिटं) द्या.

3. मनी मायले इंग्रजी वाचता येस नही. तिले काय दखाडू?

ज्यात संवाद नाहीत किंवा नावापुरते आहेत, ते आधी.

'द रेड बलून' (फ्रान्स, 1956) अवघ्या 34 मिनिटांचा आहे. एक मुलगा आणि त्याच्या मागेमागे येणारा लाल फुगा, बस. 'फ्लो' (लाटव्हिया, 2024, 85 मिनिटं) हा पुरात सापडलेल्या मांजराचा अ‍ॅनिमेशनपट आहे. त्यात एकही शब्द नाही आणि त्याला ऑस्करही मिळालं. 'द रेड टर्टल' (2016, 80 मिनिटं) थोडा गूढ आहे, तो त्यानंतर. मूकपटांत बस्टर कीटनचा 'शेरलॉक ज्युनियर' (1924, 45 मिनिटं) आजही घरभर हसवतो. त्याच्या मधल्या पाट्या इंग्रजीत असतात, पण त्या थोड्याच, वाचून सांगता येतात.

हे झाल्यावर वाचून दाखवण्याची पद्धत वापरा. मूकपटांच्या काळात जपानमध्ये पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे कलाकार असत, त्यांना 'बेन्शी' म्हणत. घरी तेच करायचं. मात्र वाचणाऱ्याने अभिनय करू नये. सपाट आवाजात, वाक्य संपायच्या आत सांगून गप्प बसावं. सिनेमाचा आवाज कमी करावा, बंद करू नये, कारण रडणं, चिडणं, कुजबुज मूळ आवाजातूनच पोहोचते. आधी एकदा स्वतः पाहून घ्या. पहिल्यांदाच पाहत वाचणारा स्वतःच गोष्टीत अडकतो आणि वाक्यं गाळतो.

4. वडील शेतकरी आहेत, सिनेमा फारसा पाहत नाहीत. त्यांना काय आवडेल?

महान सिनेमांच्या याद्या बाजूला ठेवा आणि त्यांच्या रोजच्या बोलण्यात काय येतं ते बघा.

बोलणं बांधाचं आणि भाऊबंदकीचं असेल तर 'रॅम्स' (आइसलँड, 2015, 93 मिनिटं). दोन सख्खे भाऊ, शेजारी शेजारी घरं, दोघांकडे मेंढ्या, आणि 40 वर्षं बोलणं बंद. निरोप द्यायचाच झाला तर चिठ्ठी कुत्र्याच्या तोंडात. मग मेंढ्यांवर रोग येतो आणि सरकारी आदेशाने खोऱ्यातली सगळी मेंढरं मारावी लागणार असं ठरतं. बर्फ परका आहे, बाकी काहीही समजावून सांगावं लागत नाही.

बोलणं जमिनीच्या भाड्याचं, सोलर कंपनीचं असेल तर 'अल्कारास' (स्पेन, 2022, 120 मिनिटं). पीचच्या बागा कसणारं एकत्र कुटुंब. जमीन त्यांच्या नावावर नाही, जुन्या मालकाने तोंडी शब्दावर दिलेली. आता वारसाला तिथे सौरपॅनल लावायचेत. कलाकार त्याच भागातले, बहुतेक नवखे. बर्लिन महोत्सवात याला 'गोल्डन बेअर' मिळालं. साक्री तालुक्यात सौरप्रकल्प पाहिलेल्या माणसाला हा सिनेमा बातमीसारखा वाटेल. पहिली 15 मिनिटं माणसं फार आहेत, कोण कुणाचं ते कळत नाही. आधीच सांगून ठेवा: आजोबा, त्यांचा मुलगा किमेत आणि त्याची तीन मुलं, एवढं धरून बसा.

जुन्या सालदारकीच्या आठवणी निघत असतील तर 'द ट्री ऑफ वुडन क्लॉग्ज' (इटली, 1978). जमीनदाराच्या वाड्यात राहणारी कुळं, आणि पोराच्या पायताणासाठी तोडलेलं एक झाड. पडद्यावरची माणसं खरीच शेतकरी आहेत. पण लांबी 186 मिनिटं, त्यामुळे दोन संध्याकाळी वाटून पाहा. डुक्कर कापण्याचं एक प्रदीर्घ दृश्य आहे, माळकरी घरात आधी कल्पना द्या.

मुलं पुण्याला नोकरीत आणि आई-वडील गावी, अशा घरासाठी 'टोकियो स्टोरी' (जपान, 1953, 136 मिनिटं). म्हातारे आई-वडील शहरातल्या मुलांकडे येतात आणि मुलांना वेळ नसतो. कॅमेरा जमिनीवर बसलेल्या माणसाच्या उंचीवर ठेवलेला आहे. मात्र मुलं सुट्टीला आलेली असताना हा दाखवू नका. वातावरण बिघडतं.

5. हे सिनेमे पाहायला कुठे मिळतील?

ओटीटीवरचे हक्क दर काही महिन्यांनी बदलतात, म्हणून 'अमुक सिनेमा तमुक ठिकाणी आहे' असं इथे लिहीत नाही. 'जस्टवॉच' या साइटवर देश भारत निवडून नाव टाका. सबस्क्रिप्शनमध्ये, भाड्याने की विकत, ते कळतं. या प्रकारच्या सिनेमासाठी भारतात 'मुबी' सगळ्यात उपयोगी. नेटफ्लिक्स आणि प्राइमवरही बरंच असतं, फक्त शोधताना मूळ इंग्रजी नावाने शोधा. 'क्रायटेरियन चॅनल' भारतात चालत नाही, त्याचे पैसे भरू नका.

कायदेशीर आणि फुकट हवं असेल तर यूट्यूबवर दोन खजिने आहेत. रशियाच्या 'मॉसफिल्म' स्टुडिओच्या अधिकृत चॅनलवर पूर्ण सिनेमे इंग्रजी सबटायटलसह आहेत, दिग्दर्शक तारकोव्हस्कीचेसुद्धा. कोरियन फिल्म अर्काइव्हच्या 'कोरियन क्लासिक फिल्म' चॅनलवर जुने कोरियन सिनेमे आहेत. सबटायटल दिसत नसतील तर खालचं 'सीसी' बटण दाबा आणि सेटिंगमध्ये भाषा निवडा.

6. जुना सिनेमा आहे, म्हणजे कॉपीराइट संपलाच ना?

तसं गृहीत धरू नका. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट तो प्रदर्शित झालेल्या वर्षाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं असतो. पण पटकथा आणि संगीत यांचे हक्क वेगळे चालतात, आणि परदेशी सिनेमाला त्याच्या देशाचे नियमही लागतात. सुधारलेली नवी प्रिंट आणि सबटायटल यांवरही कुणाचा हक्क असू शकतो. घरात पाहणं आणि हॉलमध्ये दाखवणं यांतला फरक प्रश्न 15 मध्ये आहे.

7. सबटायटल आवाजाच्या पुढेमागे धावतात. काय करू?

आधी दोष कोणता ते ओळखा. त्यासाठी सुरुवातीचं एक वाक्य आणि शेवटचं एक वाक्य तपासा.

दोन्हीकडे फरक सारखाच असेल, म्हणजे सगळीकडे दोन सेकंद पुढे, तर सोपं आहे. संगणकावर सिनेमा चालवणाऱ्या व्हीएलसी या सॉफ्टवेअरमध्ये सबटायटल लवकर येत असतील तर 'एच', उशिरा येत असतील तर 'जी' दाबा. दर दाबण्याला 50 मिलिसेकंद सरकतं, म्हणजे दोन सेकंदांसाठी 40 वेळा. कंटाळा येतो, पण होतं.

सुरुवातीला बरोबर आणि पुढे पुढे फरक वाढत गेला, तर कारण फ्रेमचा वेग. युरोपातल्या प्रती बहुधा सेकंदाला 25 फ्रेमच्या असतात, इतर बऱ्याच 23.976 च्या. 25 ची सबटायटल 23.976 च्या सिनेमाला लावली की तासाला सुमारे अडीच मिनिटं पुढे पळतात. 'एच' कितीही दाबला तरी दहा मिनिटांनी पुन्हा तेच. 'सबटायटल एडिट' या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमरेट 25 वरून 23.976 असा बदलून फाइल सेव्ह करा.

फरक मधूनच अचानक बदलत असेल तर ती सबटायटल सिनेमाच्या वेगळ्या कापलेल्या प्रतीची आहेत. दुरुस्तीत रात्र घालवू नका, दुसरी फाइल शोधा.

देवनागरीऐवजी चौकोन किंवा चित्रविचित्र खुणा दिसत असतील तर फाइल नोटपॅडमध्ये उघडून 'सेव्ह अ‍ॅज' करताना एन्कोडिंग यूटीएफ-8 निवडा. व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये फॉन्ट 'निर्मला यूआय' ठेवा. वेलांटी चुकीच्या जागी पडत असेल तर व्हीएलसी जुनी आहे, 3 किंवा पुढची आवृत्ती घ्या. सिनेमा आणि सबटायटलची (एसआरटी) फाइल एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाने ठेवली की ती आपोआप लागते.

8. मराठी सबटायटल आम्हीच केली तर?

करा, यासारखी तालीम नाही. 90 मिनिटांच्या बोलक्या सिनेमात सबटायटलचे हजाराच्या आसपास तुकडे निघतात, म्हणून पहिल्यांदा कमी बोलणारा सिनेमा निवडा. एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, ओळीत 35 ते 38 अक्षरं. तुकडा एक सेकंदापेक्षा कमी आणि सातपेक्षा जास्त ठेवू नका. मराठी वाक्य इंग्रजीपेक्षा लांबतं, तेव्हा शब्दाला शब्द देत बसू नका. 'बरं का', 'म्हणजे', हाका आणि नावं गाळा. भांडणाच्या दृश्यात तर निर्दयपणे गाळा.

बोली कोणती? मिश्र प्रेक्षक असतील तर साधी बोलती मराठी. एखाद्या गावच्या ओट्यावर खेड्यातला सिनेमा दाखवायचा असेल तर अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा बोली मस्त जमते. पण शहरी, सुटाबुटातल्या पात्रांना अहिराणी दिली की लोक नको तिथे हसतात. अनुवादाचा हक्कही मूळ हक्कदाराचा असतो. घरापुरतं ठीक, फाइल इंटरनेटवर टाकू नका.

9. हिंदी डबिंगमध्ये पाहिलं तर काय बिघडतं?

अ‍ॅनिमेशन आणि मारधाडीत फारसं नाही. इराणी, जपानी कौटुंबिक सिनेमात बरंच बिघडतं, कारण तिथे लहान मुलांच्या भूमिकांना मोठ्यांचे बनावट आवाज चिकटतात आणि शांततेतही पार्श्वसंगीत भरलं जातं. वाचायला त्रास हेच कारण असेल तर प्रश्न 3 मधला उपाय डबिंगपेक्षा चांगला. चष्म्याचा नंबर वाढलेल्या माणसासाठी मात्र डबिंग न पाहण्यापेक्षा बरं.

10. घरात सगळे बसलेत आणि नको ते दृश्य आलं! आधी कसं ओळखायचं?

पुरस्कारावरून कधीच ओळखू नका. 'पॅरासाइट'ला (2019) कान महोत्सवाचं पाम दोर आणि ऑस्कर दोन्ही मिळालं, पण त्यात सोफ्यावरचं एक दृश्य आहे ज्यात सासऱ्यांसमोर सून उठून स्वयंपाकघरात जाते. आयएमडीबीवर प्रत्येक सिनेमाच्या पानावर 'पॅरेंट्स गाइड' असतं. नग्नता, हिंसा, शिव्या वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात, ते दोन मिनिटांत वाचून होतं.

प्रेमकथा हवी आणि अवघडलेपण नको असेल तर वाँग कार-वाईचा 'इन द मूड फॉर लव्ह' (हाँगकाँग, 2000, 98 मिनिटं). शेजारी राहणारे दोघं, दोघांचे जोडीदार एकमेकांत गुंतलेले, आणि हे दोघं मात्र जिन्यात फक्त एकमेकांना ओलांडून जातात.

11. अर्ध्यात झोप लागते, किंवा शेवट कळत नाही. आमच्यात काही कमी आहे का?

झोप बहुधा वेळेमुळे लागते. रात्री साडेदहाला, जेवण करून, गादीवर लोळत सबटायटल वाचायची म्हटल्यावर कुणीही झोपेल. हे सिनेमे सकाळी किंवा संध्याकाळी, खुर्चीत बसून पाहा. पहिली वीस मिनिटं न थांबता द्या आणि तरीही मन लागलं नाही तर खुशाल बंद करा. ते परीक्षेचं पुस्तक नाही.

शेवटाचं वेगळं आहे. 'अ सेपरेशन' एका निर्णयाच्या अलीकडे संपतो, कारण निर्णय काय झाला यापेक्षा तो घ्यायला लावणं किती क्रूर आहे ते दाखवायचं आहे. 'कोर्ट'मध्ये कामकाज संपतं, दिवे एकेक करून मालवले जातात आणि कॅमेरा अंधारात तसाच राहतो. तिथे 'संपलं' म्हणून उठू नका, सिनेमा अजून बाकी आहे. 'याचा अर्थ काय?' असं विचारण्याआधी 'शेवटच्या दृश्यात कोण कुठे उभं होतं?' एवढं आठवून बघा. निम्मी कोडी तिथेच सुटतात.

12. आमची मंडळी मालेगावच्या खान्देशी कॉमेडीवर खूश असते. त्यांना हे पचेल का?

उलट त्यांनाच आधी पचेल. थोड्या पैशांत, गल्लीतल्या माणसांना घेऊन सिनेमा कसा उभा राहतो हे त्यांना माहीत असतं. पायरी अशी लावा: आधी फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (2008) हा माहितीपट, मग जपानचा 'वन कट ऑफ द डेड' (2017, 97 मिनिटं).

दुसऱ्याबद्दल एक ताकीद. सुरुवातीला 37 मिनिटांचा एकच न कापलेला शॉट आहे, झोंबींचा, आणि तो हास्यास्पद वाईट वाटतो. लोक तिथेच उठतात. 'चाळीस मिनिटं थांबा' एवढंच सांगा, का ते सांगू नका. रक्त बरंच आहे, तेव्हा लहान मुलं नकोत.

यानंतर किआरोस्तामीचा 'क्लोज-अप' (इराण, 1990). एक गरीब माणूस आपण प्रसिद्ध दिग्दर्शक आहोत असं सांगून एका कुटुंबात शिरतो. घटना खरी, आणि भूमिका त्याच माणसांनी केलेल्या.

13. शाळेत दाखवायला काय?

पाचवीच्या पुढे 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस' (इराण, 1987, 83 मिनिटं). मित्राची वही चुकून घरी आली आहे, उद्या वही नसेल तर मास्तर त्याला शाळेतून काढतील, आणि मित्राचं घर दुसऱ्या गावात. सातवी-आठवीला 'नॉट वन लेस' (चीन, 1999, 106 मिनिटं). तेरा वर्षांची मुलगी बदली शिक्षिका म्हणून खेड्यात येते. बसभाड्याचा हिशेब फळ्यावर मांडण्याचा प्रसंग गणिताच्या शिक्षकांना विशेष आवडतो. मुलींच्या शाळेत 'वज्दा' (सौदी अरेबिया, 2012, 98 मिनिटं): सायकल हवी असलेली मुलगी.

दोन तासिका जोडून घ्या. 35 मिनिटांचे तुकडे करून तीन दिवस दाखवला तर तिसऱ्या दिवशी कुणालाच काही आठवत नाही.

14. समाजमंदिरात किंवा मळ्यात दाखवायचा आहे. साहित्य काय लागेल?

प्रोजेक्टर: अंधाऱ्या हॉलमध्ये आठ फूट रुंद चित्रासाठी 3000 ते 3500 ल्युमेन (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप). ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त छोट्या प्रोजेक्टरच्या खोक्यावरचे आकडे फुगवलेले असतात. 'एएनएसआय ल्युमेन' किती ते विचारा.

पडदा: भिंत असेल तर पांढरी, चमक नसलेली. फिक्या गुलाबी किंवा हिरव्या डिस्टेंपरवर काळा-पांढरा सिनेमा आजारी दिसतो. चादर वापरायची तर दुहेरी, मागे गडद कापड, चारही बाजूंनी ताणून. एकेरी चादरीतून निम्मा उजेड पलीकडे जातो.

उंची: इथे सगळ्यात जास्त चूक होते. सबटायटल चित्राच्या तळाशी असतात आणि पुढच्या रांगेतली डोकी नेमकी तीच झाकतात. सतरंजीवर बसणार असतील तर पडद्याची खालची कड जमिनीपासून साडेतीन-चार फूट, खुर्च्या असतील तर पाच फूट. तेवढी उंची मिळत नसेल तर व्हीएलसीच्या सबटायटल सेटिंगमधून अक्षरं वर सरकवा. चष्मा लावणाऱ्या एकाला शेवटच्या रांगेत बसवून वाचून घ्या, मगच लोकांना आत सोडा.

आवाज: लॅपटॉपचे स्पीकर चालणार नाहीत, आणि डीजेचे नकोत. छोटे दोन पॉवर्ड (आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले) स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या उंचीवर. घुंऽऽ असा आवाज येत असेल तर लॅपटॉप आणि स्पीकर एकाच बोर्डवर लावा, किंवा लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. मेच्या उन्हाळ्यात कुलर लावावाच लागतो आणि त्याच्या घरघरीत कुजबुजते संवाद बुडतात. सिनेमाच्या अर्धा तास आधी हॉल गार करून घ्या, मग कुलर मंद आणि प्रेक्षकांच्या मागे.

लाइट: ती जाणारच असं धरून चाला. दिव्याचा प्रोजेक्टर अचानक बंद पडला की लगेच चालू करू नका. आतला दिवा तापलेला असतो आणि पंखा थांबलेला, दोन-तीन वेळा असं झालं की दिवा जातो. साधा यूपीएस पंखा चालू ठेवून नीट बंद करण्यापुरता पुरतो. पूर्ण सिनेमा चालवायचा तर शुद्ध साइनवेव्हचा इन्व्हर्टर हवा.

मळ्यात हिवाळ्यात, भरीत पार्टीला जोडून, उत्तम जमतं. दहानंतर दव पडतं आणि भिंगावर बाष्प धरतं, म्हणून सात ते नऊ हीच वेळ. मेमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो, पावणेआठच्या आत पडद्यावर काही दिसत नाही.

15. परवानगी लागते का? तिकीट लावत नाही, तरी?

लागते. तिकीट नसलं तरी सार्वजनिक प्रदर्शन ते सार्वजनिकच. नेटफ्लिक्स-प्राइमचं खातं घरगुती वापरासाठी असतं, ते उघडून हॉलमध्ये दाखवणं कराराबाहेर आहे. शिवाय सार्वजनिक खेळाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, आणि भारतात कधी न आलेल्या परदेशी सिनेमाला ते नसतं.

मार्ग दोन. एक, फिल्म सोसायटी. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया 1959 मध्ये स्थापन झाली, सत्यजित राय तिचे अध्यक्ष होते. तिच्याशी संलग्न सोसायटीला केवळ सभासदांसाठी खेळ करताना सेन्सॉरची सूट मिळते. दोन, परदेशी सांस्कृतिक संस्था: मुंबई-पुण्यातली मॅक्सम्युलर भवन आणि अलियाँस फ्राँसेज, दिल्लीचं जपान फाउंडेशन. विनामूल्य खेळांसाठी त्या सिनेमा आणि हक्क मिळवून देऊ शकतात. पत्रात तारीख, जागा, आसनसंख्या, खेळ फुकट आहे हे, आणि प्रोजेक्टरचा तपशील लिहा. किमान दीड-दोन महिने आधी.

शाळा-कॉलेजला कायद्यात सवलत आहे: प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसांपुरते असतील तर संस्थेच्या कामकाजात सिनेमा दाखवता येतो. गावाला आमंत्रण दिलं की ती सवलत संपली.

16. लॅपटॉपवर चित्र दिसतं, प्रोजेक्टरवर आवाज येतो पण पडदा काळा. का?

ओटीटीचं चित्र कॉपी होऊ नये म्हणून एचडीसीपी नावाचं कुलूप असतं. लॅपटॉप, केबल, प्रोजेक्टर या साखळीतला एक दुवाही ते ओळखत नसेल तर पडदा काळा राहतो. दोषी बहुधा जुना प्रोजेक्टर किंवा एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर. घरी थेट एचडीएमआय केबल वापरा, नाहीतर टीव्हीवरच पाहा. 43 इंची टीव्हीसमोर सबटायटल वाचत आठ-दहा जण बसू शकतात, त्याहून जास्त नाही.

17. मध्यंतर कुठे घ्यायचं? आणि दिवस कोणता धरायचा?

परदेशी सिनेमात मध्यंतराची जागा नसते. शंभर मिनिटांच्या आतला सलग दाखवा, चहा आधीच. 'सेव्हन समुराई'ला (1954, 207 मिनिटं) स्वतःचं मध्यंतर आहे. बाकी लांब सिनेमात आधी पाहून रात्र किंवा प्रवास संपतो अशी जागा हेरून ठेवा. संवादाच्या मध्ये कापू नका.

दिवसांबाबत अनुभवी मंडळींचं एकमत आहे: कापूस वेचणीच्या आठवड्यांत आणि लग्नसराईत खेड्यात खेळ लावू नये. आखाजीला (अक्षय तृतीयेला) मात्र माहेरवाशिणी गावात असतात आणि दुपारनंतर मोकळ्या असतात. कानबाईच्या रविवारी चुकूनही नको.

18. सिनेमानंतर चर्चा घ्यायची, पण सगळे गप्प बसतात.

'कसा वाटला?' विचारलं की 'छान' येतं आणि खुर्च्या सरकतात. त्याऐवजी 'कुणाचं चुकलं?' विचारा. 'अ सेपरेशन'नंतर या एका प्रश्नावर हॉलचे दोन तट पडतात. 'बायसिकल थीव्ह्ज'नंतर (इटली, 1948, 89 मिनिटं) 'शेवटी बापाने केलं ते पोरासमोर करायला हवं होतं का?' जाणकाराला पहिला बोलू देऊ नका. त्याने दिग्दर्शकाचं चरित्र सुरू केलं की बाकीचे तोंड उघडत नाहीत. वीस मिनिटं पुरे, शेवटची एसटी सांभाळा.

19. महोत्सवाला जायचं आहे. जवळचा कोणता?

जळगावहून सगळ्यात सोयीचा छत्रपती संभाजीनगरचा अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, रस्त्याने सुमारे 160 किलोमीटर. तो आणि पुण्याचा 'पिफ' दोन्ही साधारण जानेवारीत असतात. गोव्याचा 'इफ्फी' नोव्हेंबरात. नोंदणी ऑनलाइन होते, विद्यार्थ्यांना सवलत असते, ओळखपत्र सोबत ठेवा. गाजलेल्या सिनेमाच्या रांगेत पाऊण तास आधी उभं राहा. दिवसाला तीनच धरा. पाचव्या सिनेमापर्यंत तिसऱ्यातली माणसं पहिल्यात शिरलेली असतात. जे पुढे ओटीटीवर येणारच आहे ते सोडा, आणि जे नाव कधी ऐकलं नाही त्याला जा.

20. तारकोव्हस्की, बेला टार यांच्याकडे कधी वळावं?

दहा-बारा सिनेमे पाहून झाल्यावर, आणि एकट्याने. नवख्याला थेट 'स्टॉकर' (1979, 162 मिनिटं) देणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला तापीच्या पुरात ढकलणं. तारकोव्हस्की 'इव्हान्स चाइल्डहूड'पासून (1962, 95 मिनिटं) सुरू करा, तो मॉसफिल्मच्या चॅनलवर शोधा. शांताल आकेरमनचा 'जान डिलमन' (1975, 201 मिनिटं) 2022 च्या 'साइट अँड साउंड' मासिकाच्या समीक्षक मतदानात पहिला आला म्हणून लोक आधी तोच उघडतात आणि बटाटे सोलण्यापाशी बंद करतात. त्यात एका बाईची तीन दिवसांची घरकामं आहेत. पहिल्या दिवशी प्रत्येक काम किती नेटकं होतं ते नीट बघितलं, तरच दुसऱ्या दिवशी काय बिघडलं ते दिसतं. बेला टारचा 'सातानतांगो' (1994) सात तासांहून मोठा आहे. त्यासाठी सुट्टीचा पूर्ण दिवस काढा, आणि कुणाला शिफारस करू नका. ज्याला पाहायचा आहे तो स्वतःच विचारत येतो.

21. आम्ही सुचवलेला सिनेमा समोरच्याला आवडला नाही. आता?

काय खटकलं ते विचारा: लांबी, वाचन, विषय की शेवट? लांबी असेल तर पुढचा 90 मिनिटांच्या आतला द्या. वाचन असेल तर प्रश्न 3 आणि 9 पाहा, विषय असेल तर प्रश्न 4. शेवट खटकला असेल तर तो माणूस सिनेमाबद्दल अजून विचार करतोय, त्याला लगेच दुसरा देऊ नका. आणि 'तुला कळला नाही' हे वाक्य तोंडातून गेलं, तर तो माणूस तुम्हाला पुन्हा सिनेमा विचारणार नाही.